सफारीची बॅग: पाच किलो खाऊ कशाला?

रानभूल:
'केनिया-टांझानियाला जाताना काय न्याल' ही इथली चाळीस वस्तूंची यादी वाचून राहवलं नाही. चाकांची मोठी सुटकेस, मिलिटरी छापाची पँट, निळी जीन्स, ढीगभर प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर पाच किलो खाऊ! नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई माराला जाणाऱ्या छोट्या विमानात हातातल्या बॅगेसकट माणशी 15 किलो चालतं, तेही मऊ बॅगेत. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे, टांझानियात जून 2019 पासून. निळ्या-काळ्या रंगावर तिथली चावरी त्सेत्से माशी धावून येते. तिला पकडायचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे असतात. आणि स्वेटरचा पत्ता नाही! मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, जुलैत पहाटे उघड्या टपाच्या गाडीत हातपाय गारठतात. तीन जोड कपडे, जाकीट, टोपी, दुर्बीण, औषधं. बास.

सांगलीची लेक:
यादी माझी होती. तुमचे 15 किलो विमानाने जाणाऱ्यांसाठी. आम्ही नैरोबीहून लँड क्रूझरने गेलो, तिथे कुणी वजन केलं नाही. आणि खाऊबद्दल ऐकून घेणार नाही. आई 74 वर्षांची, मधुमेही, शुद्ध शाकाहारी. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या रानात दुपारच्या डब्यात निघालं चिकन, उकडलेलं अंडं आणि एक केळं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जवळ नसती तर तिची साखर उतरली असती. तुमच्या तीन जोड कपड्यांत तिचं जेवण कुठे बसतं ते सांगा.

गवतातला:
रानभूलशी सहमत. आमच्या गाडीसमोर सिंहीण पिल्लांना पाजत होती आणि मागच्या सीटवर भडंगाची पुडी कुरकुरत होती. पुढे जेवायला थांबलो तिथे माकड टपातून आत उतरलं, चिवड्याची पिशवी ओढताना माझ्या भाच्याचा हात ओरबाडला. रेबीजच्या इंजेक्शनासाठी सफारी अर्धी सोडून नैरोबी गाठली. कशासाठी? केनियात चपाती घरोघरी खातात, नावही चपातीच. 1896 पासून रेल्वे बांधायला आपल्याकडून हजारो मजूर तिथे गेले. माहारागवे म्हणजे आपला राजमाच, सुकुमा विकी ही पालेभाजी. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहतो हे खूळ डोक्यातून काढा.

सांगलीची लेक:
चपाती गावात मिळते हो, सेरेंगेटीच्या मध्यात दुपारी एक वाजता नाही! भाच्याचं वाईट वाटलं, पण टप उघडा ठेवला तो कुणी? माझ्या आईच्या दशम्यांनी?

गवतातला:
टप चालकाने उघडा ठेवला होता. पण पिशवी नसती तर माकड आत आलंच नसतं. मुलाचं रक्त निघालेलं पाहिलंय मी, मला शिकवू नका.

परळचा डॉक्टर:
दोघंही थांबा. खाऊवरून एवढं भांडलात आणि पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला एकाच्याही यादीत नाही? लस निदान दहा दिवस आधी हवी. दाखल्याशिवाय परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. आणि मधुमेही माणसाजवळ खायला हवंच, त्यात वाद नको.

रानभूल:
लस विसरलो, चूक माझी. मधुमेही माणसाच्या डब्यासाठी एक जोड कपडे कमी करीन, एवढंच मान्य. डबा मात्र स्टीलचा, आणि टप लावल्याशिवाय उघडायचा नाही. मिलिटरी छापाची पँट यादीतून काढा. झिम्बाब्वेत तसला कपडा सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे. यादी वाचून कुणी तिथे गेला म्हणजे?

सांगलीची लेक:
पँट काढली. स्वेटर लिहिला, कारण टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या काठावर आईने माझी शाल पांघरली आणि मी रात्रभर कुडकुडले. पाच किलोचे दोन केले. त्याखाली येणार नाही.