सी-एच बंध तोडायला पॅलेडियम की एन्झाइम?

राजारामपुरीकर: सी-एच, म्हणजे कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला पॅलेडियमसारखा धातू बरा की एन्झाइम, यावर शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या पुतण्याशी वाद झाला, म्हणून इथं टाकतोय. मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध 439 किलोज्यूल प्रति मोल. मिथेन खाणारे जिवाणू तो साध्या तापमानाला, हवेतल्या ऑक्सिजनवर तोडून मेथॅनॉल करतात. रसायनशास्त्रज्ञ पेरियानांच्या 1998 च्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला त्यासाठी 220 अंश आणि सधूम सल्फ्युरिक आम्ल लागलं. तरी पोरं धातूच घोकतायत. 2018 चं नोबेल फ्रान्सिस आर्नोल्डना एन्झाइमसाठीच मिळालं ना?

शिरोली शिफ्ट: नोबेलवर रिअ‍ॅक्टर चालत नाही, साहेब. त्या प्लॅटिनमनं 70 टक्क्यांच्या वर उत्पन्न दिलं, ते सोयीस्कर विसरलात. जिवाणूच्या एन्झाइमला दर मिथेनमागं एनएडीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागतं, ते कोण पुरवणार? पॅलेडियमला टोल्युइन या सॉल्व्हंटमध्ये 110 अंशाला उकळा, तक्रार नाही.

बुरशीवाला: एनएडीएच पेशी स्वतः बनवते, तिला साखर द्या. कोल्हापुरात साखरेची वानवा आहे व्हय? 1952 साली अपजॉन या औषध कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रायझोपस बुरशीला दिलं. तिनं नेमका 11 व्या कार्बनवर ऑक्सिजन बसवला आणि कॉर्टिसोन या औषधाचा रस्ता लांबलचक होता तो एकदम आखूड झाला. तुमच्या पॅलेडियमला कुठला बंध तोडायचा ती जागा दाखवायला आधी रेणूवर एक गट चिकटवायचा, मग तो काढायचा. दोन पायऱ्या फुकट.

दुपारचा चहा: अहो, पी-450 मध्ये, म्हणजे बुरशीतल्या ऑक्सिजन बसवणाऱ्या एन्झाइममध्ये, हीमचं (रक्तातल्यासारखं) लोहच आहे, म्हणजे तेही धातूचं संकुलच. फरक कामाच्या पद्धतीत. बर्गमनांचं 1982 चं इरिडियम सी आणि एच यांच्या मधे स्वतः शिरतं, टोकाचा कार्बन पसंत करतं. पी-450 चं लोह-ऑक्सो (ऑक्सिजन धरलेलं लोह) हायड्रोजन उचलतं, म्हणून एरवी कमकुवत, तृतीयक (तीन कार्बन जोडलेल्या कार्बनच्या) बंधाकडं वळतं. प्रथिनाचा कप्पा रेणूला असा आवळतो की त्याची ती खोड मोडते. हे कळायला ऑक्सिडेशन स्टेट (धातूनं किती इलेक्ट्रॉन गमावले याचा हिशोब) यायलाच पाहिजे. पुतण्याला धातू आधी शिकू द्या.

राजारामपुरीकर: शिकू दे की! पण तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियम दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. ते साफ करायचा खर्च कुणी धरला?

शिरोली शिफ्ट: धरलाय. सक्रिय कोळशातून गाळला की बरंचसं जातं. बुरशी वाढवलेल्या द्रवातून माल सॉल्व्हंटनं काढताना जो दुधाळ थर बसतो, तो फोडून दाखवा आधी.