मदत हवी आहे: बाबांचा सीपॅप मास्क पहाटे गळतो

मंडळी, बाबांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) निघालाय. स्लीप स्टडीत एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा) ३८ आला, म्हणजे ३० च्या वर, गंभीरच. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं, दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) दिलंय, प्रेशर ६ ते १४. तोंड उघडं ठेवून झोपतात म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा (फुल फेस) मास्क घेतला.

रात्री सगळं ठीक असतं. पहाटे प्रेशर चढलं की नाकाच्या कडेने हवा सुटून थेट डोळ्यांत जाते. फुस्सफुस्स आवाजाने आईचीही झोप मोडते. मग बाबा पट्टे करकचून आवळतात आणि सकाळी नाकाच्या हाडावर लालभडक वळ. पट्टे जास्त आवळले की सिलिकॉनची कड चेपते आणि उलट जास्तच गळतं, हे सांगून झालं. ऐकतील तर ना! आता मशीन चालू ठेवून, आडवं झाल्यावरच पट्टे लावायला सांगितलंय, थोडा फरक आहे.

मला दोन शंका आहेत. त्यांच्या झुबकेदार मिशा (काढणार नाहीत, विषय संपला) आणि रात्री काढून ठेवलेली कवळी. कवळीशिवाय गाल आत जातात, त्यामुळे साइज चुकत असेल का? माप कवळी लावूनच घेतलं होतं.

नेझल पिलो (फक्त नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क) आणि हनुवटीचा पट्टा असा जोड मिशीवाल्या कुणी वापरलाय का? की नाकाखाली बसणारा फुल फेस मास्क बरा? पुण्यात विकत घेण्याआधी मास्क घालून बघू देणारं कुणी असेल तर तेही सांगा. प्रेशरला हात लावणार नाही, ते डॉक्टरांनाच विचारू.