अनुभव धागा: बांधावर हरीण आलं, आता पुढं काय?

सातारा-सांगलीकडं रानाला लागून घर किंवा शेत असलेल्यांसाठी हा धागा. ‘काय देखणं दिसत होतं’ हे आपण सगळेच जाणतो, ते सोडून लिहा. काय बघायचं, काय करायचं, कुठं चुकतं आणि का, एवढंच. आपला भाग मात्र जरूर सांगा, कारण पाटणच्या भेकराला (भुंकणारं लहान हरीण) जे चालतं ते देवराष्ट्र्याच्या चितळाला चालत नाही.

पाटण, कोयनेच्या अंगानं

आधी जनावर ओळखा, उपाय मागाहून. ऊन चढायच्या आत खुरं बघावीत, नंतर कडा ढासळून ठसा पसरट होतो आणि फसवतो. भेकराचा ठसा काडेपेटीच्या निम्म्याहून जरा मोठा, सांबराचा काडेपेटीच्या लांबीत मावत नाही. रानडुकराच्या ठशामागं दोन बाजूंना बाहेर खुट्या, म्हणजे खुरामागच्या छोट्या नख्या, उमटतात. हरणाच्या खुट्या चिखलातच किंवा उडी मारून उतरल्यावर दिसतात.

मग खाल्लेलं टोक बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं, धाग्याधाग्यांचं राहतं. सशाचं काम विळ्यानं कापल्यासारखं तिरकं. शेळीलाही वरचे पुढचे दात नसतात, तेव्हा जंगलाला दोष देण्याआधी शेजारच्यांच्या शेळ्या काल कुठं होत्या ते विचारून घ्यावं. रोप मुळासकट उपसलं असेल आणि जमीन नांगरल्यागत झाली असेल तर ते डुक्कर, हरीण नव्हे.

बामणोलीकडून

वरच्या दादांच्या यादीत आवाज राहिला. भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं, पण एकेक भुंकणं सुटं, मध्ये थोडी उसंत, आणि हे बराच वेळ चालतं. तो इशारा असतो. म्हणून बिबट्या आलाच असं नाही, तुमची बॅटरी किंवा गावातलं कुत्रंही त्याला पुरतं. पण आवाज एकाच जागेवरून सुरूच राहिला तर बघायला जाऊ नये, गोठ्याची कडी तपासावी आणि शेळ्या आत घ्याव्यात. सांबराचा ‘ढांक’ असा एकच मोठा आवाज आणि सोबत पाय आपटणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ते उगाच ओरडत नाही.

पिसोरी म्हणजे हरणासारखं चिमुकलं जनावर, तिला इकडं गेळाही म्हणतात. सशापेक्षा थोडी मोठी, शिंगं नाहीत, वावर रात्रीचा. पिकाला तिचा त्रास जवळजवळ नाहीच. तिला हुसकू नका.

देवराष्ट्रे, सागरेश्वरच्या पायथ्याला

कुंपणाबद्दल सविस्तर लिहितो, पैसे इथंच वाया जातात. सागरेश्वर म्हणजे उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. धों. म. मोहिते यांचा त्यात मोठा वाटा, १९८५ साली घोषणा, क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. चितळ, सांबर आत, आणि कुंपणापलीकडं लगेच ऊस, सोयाबीन. उन्हाळ्यात आत गवत वाळलेलं आणि बाहेर पाण्याखालचं हिरवंगार पीक. जनावर येणारच.

पाच फुटी काटेरी तार चितळाला अडवत नाही. उलट उडी मारताना मागचा पाय वरच्या दोन तारांत जातो, तारा पिळल्या जातात आणि जनावर उलटं लटकतं. काटेरी तार आहेच तर सगळ्यात वरची तार साधी घ्या आणि तिच्या खालच्या तारेपासून फूटभर अंतर ठेवा. खरा अडसर म्हणजे आठ फुटी जाळी. भेकरासाठी मात्र उंचीपेक्षा खालची फट महत्त्वाची, जाळी जमिनीला वीतभरही सुटलेली नको.

सौर कुंपणाचा झटका तारेतून अंगात आणि पायांतून जमिनीत गेला तरच बसतो. उडी मारून हवेत असलेल्या जनावराला तो लागतच नाही, म्हणून नाकाच्या उंचीवरची तार सगळ्यात महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडून अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओतत राहा. पावसाळ्यात तारेला टेकलेलं गवत करंट खातं, दर आठवड्याला कापायला लागतं. मीटरवरून थेट लाइन तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि पहाटे पाणी धरायला आलेला माणूसच आधी जातो.

साड्यांचं कुंपण स्वस्त आणि सुरुवातीला चांगलं चालतं. जनावराला पलीकडचं दिसत नाही, म्हणून ते उडी टाळतं. पण एकाच जागी ठेवलं की सवय होते. माशाच्या जाळ्या अजिबात नकोत, नराची शिंगं अडकतात.

शिराळा, चांदोलीच्या रस्त्यावरून

उसाच्या तोडीला चारी बाजूंनी एकदम शिरू नका. आत सांबर किंवा पाडस असलं तर ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवून आवाज करत एका अंगानं तोडत जावं. थंडीत माजावर आलेला नर अडीचशे किलोपर्यंत असू शकतो, त्याला कोपऱ्यात धरलं तर तो माणसाच्या अंगावरून जाईल.

रात्री गाडीसमोर आलं तर दिवे डिपर, गाडी थांबवा, हॉर्न थोडाच. प्रखर उजेडात ते जागेवर खिळतं. एक पलीकडं गेलं म्हणून लगेच गाडी सोडू नका, मागून दुसरं असतं. मादीमागं पाडस तर हमखास.

विटा परिसर

कठडा नसलेल्या विहिरीत पडलेलं हरीण बुडून मरतं त्यापेक्षा वर काढताना जास्त मरतं. माणसांची गर्दी आणि धरपकड यांच्या भीतीनं स्नायू आतून खराब होतात. वर निघालेलं, धडधाकट दिसणारं जनावर काही तासांनी किंवा दिवसांनीही मरतं. १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा, लोकांना पन्नास पावलं मागं ठेवा, कुत्री बांधा. पाणी कमी असेल तर तिरपी फळी सोडून बाजूला व्हा. हाताळावंच लागलं तर डोळ्यांवर कापड टाका, तोंडात पाणी ओतू नका.

माण

आमच्या माळावरचा चिंकारा आणि काळवीट ही खरं तर हरणं नव्हेत. त्यांची शिंगं आयुष्यभर टिकतात, सांबर-चितळाची दरवर्षी गळतात. गळून पडलेलं शिंग सापडलं तरी घरी आणू नका, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि अडचण होईल. तसंही ते साळिंदर कुरतडून खातं.

पाटण, पुन्हा

दोन गोष्टी राहिल्या. पिकाच्या नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत वनकार्यालयात जायला हवा, सोबत सातबारा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि पंचनाम्याआधी पीक आवरू नका.

गवतात एकटं पाडस दिसलं तर ते अनाथ नसतं. आई चरायला गेलेली असते आणि तुम्ही उभे आहात तोवर परत येत नाही. हात लावू नका, गाईचं दूध तर अजिबात नको, हगवण लागून मरतं. लांब जाऊन संध्याकाळी दुरूनच बघा, बहुतेक वेळा जागा रिकामी असते.