गावातल्या ओट्यावर काचेची हॉब? आधी रांधणारीला विचारा

मोर्शीची_सून :
परवा घरबांधणीच्या धाग्यावर काटोलकर यांनी लिहिलं, "गावात एवढं मोठं घर बांधता आणि ओट्यावर तीच स्टीलची दोन बर्नरची शेगडी? बिल्ट-इन हॉब बसवा, बाजूला इंडक्शन ठेवा, विषय संपला." (हॉब म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची काचेची शेगडी.) खाली भराभर अंगठे पडले. तिथेच उत्तर लिहायला बसले तर ते फार लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

विषय असा संपत नाही, काटोलकर भाऊ. ओट्यावर काय बसवायचं हे गवंडी, टाइल्सवाला, मोठा मुलगा आणि पुण्याचा मेव्हणा मिळून ठरवतात. जिला पहाटेपासून त्या ओट्यासमोर उभं राहायचं असतं तिला फक्त टाइल्सचा रंग विचारतात. माझी चीड इथली आहे.

आमच्याकडे सोयाबीनच्या सवंगणीला, कापसाच्या वेचणीला माणसं लागली की वरणाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढतो. तो हॉबवर ठेवला की शेजारचे दोन बर्नर अडले. तळ रुंद असला की आच खालून पसरते आणि काच तापते. टफन्ड काच उष्णता सोसते हे खरं, पण एका जागी तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं किंवा तिच्या कडेला सांडशी आपटली की ती तडकून थांबत नाही, अख्खी फुटते. माझ्या नणंदेकडे पोळ्याच्या दिवशी फुटली. पुरणाचं भांडं उतरवलं, ओल्या फडक्याने पुसायला गेली आणि फाट्कन आवाज. पुरणात काच, कणकेत काच, कढीत काच. बैलं दारात सजून उभी आणि निवेदाचं ताट रिकामं.

दुरुस्तीचंही ऐका. हॉबसाठी ओटा कापावा लागतो. बिघडली तर माणूस अमरावतीहून येतो, "पार्ट मागवतो" म्हणून जातो. काही वर्षांनी दुसरी घ्यायची म्हटलं तर ती जुन्या कापात बसेलच असं नाही, आणि कापलेला ग्रॅनाइट जोडता येत नाही. साध्या शेगडीचं नोझल चोंदलं तर बाजारातला माणूस तिथल्या तिथे पिन घालून साफ करून देतो.

इंडक्शनचं तर विचारूच नका. आमच्या मांडणीवरची निम्मी भांडी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची. ज्याला लोहचुंबक चिकटत नाही ते त्यावर तापत नाही. भाकरीचा तवा लोखंडाचा आहे, पण मधे खोलगट, तळ नीट टेकत नाही. शिवाय भाकरी तव्यावर अर्धी होते आणि उरलेली थेट आचेवर फुगते. ती आच इंडक्शनवर कुठून आणायची?

काटोलकर :
ताई, तुमच्या नणंदेची काच फुटली म्हणून अख्ख्या तालुक्याने जुन्या शेगडीवर राहायचं का? माझी आई सत्तरीची आहे. दुधाचं पातेलं ठेवून पूजेला बसते. दूध उतू जातं, आच विझते, गॅस सुरूच. मागच्या सुटीत मी दार उघडलं आणि वास आला. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आई देवघरात जमिनीवर बसलेली, समोर निरांजन. मी आधी ते फुंकलं, मग रेग्युलेटर बंद केला. तेव्हापासून मला तुमच्या स्टीलच्या शेगडीचं कौतुक सांगू नका.

चांगल्या हॉबमध्ये फ्लेम फेल्युअर असतं. आच विझली की बर्नरजवळचं थर्मोकपल (आचेची धग ओळखणारी कांडी) गार पडतं आणि काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. तुमच्या शेगडीत हे आहे का? पुरणपोळीपेक्षा माणूस मोठा.

मोर्शीची_सून :
आईंचं वाचून पोटात गोळा आला. पण फ्लेम फेल्युअर सगळ्या हॉबमध्ये नसतं. दुकानदार "सेफ्टीवाली आहे" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा फक्त ऑटो इग्निशन असतं, म्हणजे लाइटर लागत नाही एवढंच. तुम्ही घेताना पेटवून, आच फुंकून विझवून, वास येतो की थांबतो ते पाहिलं होतं का? आणि थर्मोकपल असलेल्या ओट्यावर ठेवायच्या शेगड्याही मिळतात. त्यासाठी ओटा कापायची गरज नाही.

पऱ्हाटीवाले_काका :
राजेहो, हॉब अन् इंडक्शन काय घेऊन बसले? आमच्या घरी दोन सिलिंडर हायेत, पन चूल इझली नाई. चंपाषष्ठीले भरीत-रोडग्याचा निवेद लागते. रोडगे गोवऱ्याच्या आरावरच होतात अन् वांगं पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडाच्या) जाळावरच भाजते. गॅसवर भाजलेल्या वांग्याले भरीत म्हनत असान तर तुमचं तुमाले लखलाभ. जळतन फुकटचं हाय, वावरातून आनाचं अन् घरामागं रचाचं. सिलिंडरचे पैसे कोनाले काहून द्याचे?

बोंडअळी_त्रस्त :
काका, मान राखून सांगतो, हीच पऱ्हाटीची गंजी आमच्या मुळावर आली आहे. घरामागे रचलेल्या पऱ्हाटीवर किडकी बोंडं तशीच असतात, त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन शेजाऱ्याच्या कापसावर जाते. म्हणूनच हंगाम संपला की पऱ्हाटी साठवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. २०१७ साली बोंडअळीने कापसाचं काय केलं ते विदर्भात कोणाला सांगायला नको. तुमचं जळतन फुकट नाही, त्याचे पैसे आम्ही भरतो.

पऱ्हाटीवाले_काका :
मंग तुरीच्या तुराट्या जाळतो. त्यात त नाई न बोंडअळी? भरीत गॅसवर होनार नाई म्हंजे नाई.

डीपीवाला :
मी वायरिंगची कामं करतो, म्हणून बोलतो. २००० वॉटचं इंडक्शन म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. गावातल्या घरात ते मिक्सरच्या ५ अँपिअरच्या बोर्डाला लावलेलं असतं, तेही एक्स्टेन्शनवरून. प्लग वितळलेला मी हातात धरला आहे. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, किमान २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि खरंखुरं अर्थिंग हे नसेल तर इंडक्शन घरात आणू नका. अर्थिंग म्हणजे तीन पिनांचा प्लग नव्हे, जमिनीत गाडलेली पट्टी. उन्हाळ्यात तिला पाणी घालायचं असतं हे नव्वद टक्के घरांना ठाऊक नसतं.

आणि व्होल्टेज! संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे ते इतकं पडतं की इंडक्शन एरर कोड दाखवून गप्प बसतं. नेमकी स्वयंपाकाची वेळ.

दुर्गापूरकर :
व्होल्टेजचा विषय निघालाच आहे तर ऐका. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. कोराडीत ६६०चे तीन संच. तिरोड्यात वेगळं. कोळसा आमचा, पाणी आमचं, राख आमच्या छपरावर. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर आणि त्यात संचांची धग. दोरीवर वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळी काळपट होऊन येते. आणि वीज कुठे जाते? चंद्रपूर ते पडघे ५०० केव्हीची एचव्हीडीसी, म्हणजे लांब पल्ल्याला वीज नेणारी उच्च दाबाची लाईन आहे, ७५२ किलोमीटर, १९९९ पासून. थेट मुंबईच्या उंबरठ्यावर. आमच्या गावच्या डोक्यावरून जाते आणि खाली आमची बाई अंधारात भाकरी थापते. इंडक्शन घ्या म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

सांगलीचा_नागपुरी :
परत तेच रडगाणं. ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, एक असतो. कोयनेची वीज फक्त साताऱ्यात राहते का? विजेला गाव नसतं.

दुर्गापूरकर :
विजेला गाव नसेल, धुराला आहे. माझ्या मुलाला हिवाळाभर नेब्युलायझर लागतो. तुमच्या सांगलीत बसून ग्रीड शिकवू नका.

सांगलीचा_नागपुरी :
मी बारा वर्षांपासून नागपुरात राहतो, कोराडीची राख माझ्याही गच्चीवर पडते. राखेबद्दल तुमच्यासोबत मोर्चाला येईन. पण तुमच्या गावात व्होल्टेज पडतं ते पडघ्यामुळे नाही.

डीपीवाला :
इथे मला दोघांनाही थांबवावं लागेल. संध्याकाळचं व्होल्टेज गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पडतं, पडघ्याच्या लाईनने नाही. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर जोडण्या वाढत गेल्या, शेवटच्या खांबापर्यंत जुनी बारीक तार आणि वर वीजचोरीचे आकडे. डीपीजवळच्या घरात पंखा गरगर फिरतो, टोकाच्या घरात पात्या मोजता येतात. चंद्रपुरात आणखी एक संच उभा केला तरी टोकाच्या घरात फरक पडणार नाही. डीपी बदलला तर पडेल.

दुर्गापूरकर :
आणि डीपी का बदलत नाहीत? जळाला तर गावाने वर्गणी काढायची, ट्रॅक्टर आपला लावायचा, तरी आठवडाभर अंधार. मुंबईत चालेल का हे? तुम्ही तार सांगता, मी न्याय सांगतो.

डीपीवाला :
न्यायाचं तुमचं म्हणणं मला पटतं, भाऊ. पण आकडे टाकणारे मुंबईहून येत नाहीत. ते आपलेच.

पऱ्हाटीवाले_काका :
आकडे कोन टाकते ते नावानिशी सांगू काय? सरपंचापासून सुरू करा लागन.

मोर्शीची_सून :
हात जोडते. शेगडीवर या. राखेचा प्रश्न मोठा आहे, त्याचा धागा काढा, मी पहिली सही करीन. पण इथे गावोगावच्या बाया वाचताहेत, त्यांना दिवाळीआधी शेगडी घ्यायची आहे.

हिशेबी_मास्तर :
मग पैशाचं बोलतो, कारण "इंडक्शन स्वस्त पडतं" हे कोणी मांडून दाखवलेलं नाही. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट. आयएसआयच्या शेगडीला किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे भांड्यात १२० युनिटच्या आसपास पोचतात. इंडक्शन साधारण ८५ टक्के धरलं तर तेवढ्याच स्वयंपाकाला १४० ते १४५ युनिट वीज लागेल. आता तुमचं बिल काढा. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, पुढचा १०१ ते ३००चा आणि त्याचा दर बराच वरचा. पंखे, फ्रिज, टीव्हीत पहिला टप्पा भरत आला असेल तर इंडक्शनची जवळपास सगळी वीज महागड्या टप्प्यात जाते. घरावर सोलर असेल तर मात्र दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर खरंच परवडतो.

आणि तुमची शेगडी पिवळी आच देत असेल, गंजाचा तळ काळा होत असेल, तर तो ६८चा आकडा विसरा. हवेची झडप आणि बर्नरची भोकं साफ करा, त्यात इंडक्शनपेक्षा जास्त बचत आहे.

झाडीपट्टीची_माय :
मास्तरांचं टप्प्याचं गणित बरोबर, आमच्या बिलात दिसतं. पण एक बाजू कोणी मांडली नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नाल्याला पूर आला की सिलिंडरची गाडी येत नाही. दुसरं सिलिंडर प्रत्येकाकडे नसतं. अशा वेळी लाईन असेल तेव्हा लहानशा इंडक्शनवर भात आणि चहा तरी होतो. उज्ज्वलाचं कनेक्शन मिळालेल्या कितीतरी बाया सिलिंडर संपला की परत चुलीकडे जातात, माझ्या शेजारी दोघी आहेत. काकांना भरीत गोड लागतं, पण चुलीसमोर काकू बसतात. त्यांचे डोळे कोणी विचारले?

पऱ्हाटीवाले_काका :
काकूचा मोतीबिंदू मागच्या वर्षी काढला. डॉक्टरनं धुराचंच बोलला होता. रोजचं गॅसवर करते ते आता. निवेदाचं चुलीवर, तेही अंगनात, धूर वर जाते. याच्यापुढं मी हटनार नाई.

काटोलकर :
ठीक आहे. ओटा कापत नाही. ग्रॅनाइटवाल्याला आजच सांगतो. पण स्टीलची घेणार नाही, तिची खालची पत्र्याची बाजू दोन पावसाळ्यांत गंजते हे आमच्याच घरात झालं आहे. आणि थर्मोकपलशिवायची कुठलीही घेणार नाही, मग ती काचेची असो की सोन्याची. इंडक्शनबद्दल माझं मत तेच आहे, पॉइंट वेगळा काढून घेतो एवढंच.

मोर्शीची_सून :
स्टील जाड असेल आणि खालची बाजू पुसून ठेवली तर गंजत नाही, पण तुमच्या घराचा अनुभव तुमचा. एक करा, आईंना दुकानात घेऊन जा आणि सोबत घरचा सगळ्यात मोठा गंज आणि भाकरीचा तवा न्या. दोन्ही एकाच वेळी बर्नरवर ठेवून पाहू द्या. दुकानदार हसला तर हसू द्या. मधल्या जागेत सराटा (उलथणं) फिरवता आला पाहिजे आणि बटणापाशी हात भाजता कामा नये. बटणं त्यांच्या बोटांना फिरतात का तेही पाहा, सत्तरीत सांधे धरतात, दाबून फिरवायची बटणं काहींना जमत नाहीत. आणि सिलिंडर ओट्याखाली उभाच ठेवा, शेगडीच्या पातळीपेक्षा खाली, नळीवरची तारीख पाहून. नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आपल्याकडे ती लेकीच्या लग्नापर्यंत चालवतात.

काटोलकर :
आईला उद्या नेतो. तवा न्यायचं माझ्या डोक्यात नव्हतं, हे मान्य.

दुर्गापूरकर :
शेगडीचं मिटलं असेल तर डीपीवाल्यांनी एवढं सांगावं. डीपी बदलायचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासकट द्यायचा की नुसत्या सह्या चालतात?

डीपीवाला :
ठराव जोडाच. आणि टोकाच्या घरातलं संध्याकाळचं व्होल्टेज मीटरवर तारीख-वेळेसकट टिपून सोबत लावा, तोंडी तक्रार कोणी ऐकत नाही. मीटर नसेल तर मला मेसेज करा, माझा देतो.