घड्याळ म्हणतं तीन किलो, काटा म्हणतो सव्वा

दिवाणजी_सांगली

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४६. बावीस वर्षांत रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानातून उठलेलो नाही, आणि आता एक हिशोब जुळेना म्हणून डोकं चालेना.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं, पेढा खाल्ला आणि पोती तोलायच्या काट्यावर चढलो. ८४.३ किलो. मालक म्हणाले, "दिवाणजी, दीड पोतं भरलात की." सगळ्या हमालांसमोर. त्याच आठवड्यात मुलीनं फोनवर पळायचं अ‍ॅप टाकून दिलं आणि इचलकरंजीच्या मेहुण्यानं त्याचं वापरून सोडलेलं मनगटी घड्याळ दिलं. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला गावभागातून निघतो, हरिपूर रस्त्याला लागतो, संगमाच्या बऱ्याच अलीकडून मागं फिरतो. सुरुवातीला चालणंच जास्त होतं, आता अखंड पळतो. किलोमीटरला आठ मिनिटं. हसू नका.

आता दुखणं सांगतो. रस्ता तोच, माणूस तोच, तरी फोन म्हणतो ५.४२ किलोमीटर आणि ३७९ कॅलरी. घड्याळ म्हणतं ५.७१ किलोमीटर आणि ५६१ कॅलरी. एकाच व्यवहाराच्या दोन पावत्या. एके दिवशी तर फोनच्या नकाशावर मी कृष्णा ओलांडून पलीकडच्या उसातनं परत आलोय. पायाला पाणी लागलेलं नाही.

अकरा आठवड्यांत ४१ वेळा पळालो. घड्याळाच्या हिशोबानं ४१ गुणिले ५६१, म्हणजे २३,००१ कॅलरी. एक किलो चरबीला ७,७०० धरतात असं वाचलं, तेव्हा तीन किलोला थोडं कमी उतरायला पाहिजे होतं. काट्यावर ८३.१. म्हणजे १ किलो २०० ग्रॅम जमा आणि १ किलो ८०० ची तूट. काट्यावर संशय घेऊ नका, त्याला दरवर्षी वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. त्याच्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात.

आणखी एक. हळू पळतानासुद्धा घड्याळ नाडी १७४ दाखवतं. २२० वजा वय केलं की माझी कमाल मर्यादा तेवढीच येते, म्हणून बायको घाबरलीय. मेहुणा म्हणतो बावीस हजाराचं चांगलं घड्याळ घे. घेऊ का? आणि तोवर कुणाची पावती खरी धरायची?

तुटलेली_तार

दिवाणजी, दोन्ही पावत्या खोट्या आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी. मी ठाण्यात मोबाइल टॉवरच्या कामात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

फोनचं आधी. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत. खाली पोचेपर्यंत सिग्नल फार क्षीण झालेला असतो. हरिपूर रस्त्याला जुनी मोठी झाडं आहेत असं आठवतं. ओली पानं तो आणखी अडवतात, भिंतीवरून आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचतो, आणि फोनचा प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडतो. ते ठिपके जोडले की लग्नाच्या वरातीतून परतणाऱ्या माणसाची चाल तयार होते. सरळ पळालेल्या माणसापेक्षा ती लांबच भरणार. म्हणून ५.४२.

कृष्णा ओलांडली त्या दिवशी उलटं झालं. फोन बॅटरी वाचवायला मागं चाललेली अ‍ॅप झोपवतो. मधले ठिपके गेले, अ‍ॅपनं शेवटचा आणि पुढचा ठिपका सरळ रेघेनं जोडला, आणि नदीचं वळण तुमच्या पायाखालून गेलं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची काटकसर बंद करा. आणि घरातून बाहेर आल्यावर मिनिटभर उघड्या आभाळाखाली उभे राहून मगच सुरू करा.

घड्याळात बहुतेक जीपीएस नसेलच. ते हाताच्या हेलकाव्यावरून पावलं मोजतं आणि एका पावलाच्या अंदाजे लांबीनं गुणतं. ती लांबी उंचीवरून काढलेली असते. आता माझा प्रश्न: कुणाच्या उंचीवरून?

कॅलरीचा ढोबळ नियम आहे, पळताना दर किलोला दर किलोमीटरला एक. आता भागाकार करा. ३७९ भागिले ५.४२, उत्तर जवळजवळ ७०. ५६१ भागिले ५.७१, उत्तर ९८. माझी पैज आहे की फोनमधल्या अ‍ॅपात वजन कुणी भरलंच नाही, तयार मिळालेलं ७० तसंच आहे. आणि ९८ किलोचे तुमचे मेहुणे आहेत.

कॅलरीच्या आकड्यावर तसाही फार जीव टाकू नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणं तपासली होती. नाडी सातातल्या सहांनी पाच टक्क्यांच्या फरकात दिली. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं होतं तेसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के.

दिवाणजी_सांगली

तारवाले साहेब, साष्टांग नमस्कार. मुलीला विचारलं. घड्याळ मेहुण्याच्याच लॉगिनवर चालू आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन ९८. मी पाच फूट पाच. अकरा आठवडे मी मेहुण्याच्या खात्यावर पळतोय. फोनमध्ये ७० किलो, तेही बरोबर ओळखलंत.

पण खरं अंतर किती, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी सायकल काढली. मागच्या चाकाला खडूची खूण केली, अंगणात एक फेरा पुढं ढकलला आणि टेपनं मोजलं: २.१७ मीटर. आरीला लाल चिंधी बांधली. मुलगी मागं बसून चिंधी मोजत होती, दर शंभराला ओरडायची, मी वहीत रेघ मारायचो. दूधवाले थांबून बघत होते. एकानं विचारलं, रस्ता रुंद होणार काय? जायचे ११५२ फेरे. ११५२ गुणिले २.१७, म्हणजे २४९९.८४ मीटर. जाऊन येऊन पाच किलोमीटर, बत्तीस सेंटिमीटर कमी.

परतताना पुन्हा मोजलं, ११५४ आले. मुलगी म्हणते मी वळणावर बाहेरून गेलो.

यवतेश्वरी

दिवाणजी, तुम्हाला ठाऊक नसेल पण मोठ्या शर्यतींचे रस्ते असेच मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावतात, त्याला जोन्स काउंटर म्हणतात, आणि ठरलेल्या अंतरावर सायकल आधी ताडून घेतात. वर हजाराला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे अंतर कमी भरायला नको. तुमच्या अडतीतल्या कडत्यासारखंच. आणि मोजताना धावणारा जिथून जाईल तीच जवळची वाट धरायची असते, म्हणून तुमच्या लेकीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मी साताऱ्याची. यवतेश्वरच्या घाटात पळते. घाटात तुमचा दर किलोचा एक कॅलरीचा नियमही लंगडा पडतो, चढ असतो ना.

मी दुसरंच सांगायला आले. माझ्या घड्याळात सलग किती दिवस लक्ष्य गाठलं याची मालिका दिसायची. ८३ दिवस झाले होते. नडगी दुखायला लागली तरी रात्री साडेअकराला गॅलरीत येरझाऱ्या घालून दहा हजार पावलं पुरी करायची मी. नवरा म्हणायचा, वॉचमनला सुट्टी देऊया का. ८४ व्या दिवशी पाय टेकवेना. सहा आठवडे घरी. ते दहा हजार तरी कुठून आले? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. मानपो-केई त्याचं नाव, आणि नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. आकडा दिसायला गोल, लक्षात राहायला सोपा. डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हे.

आता घड्याळ बांधते, पण मालिका दिसते ते पान बंद केलंय. बावीस हजारांचं घड्याळ घेऊ नका, बूट बघा आधी. कुठले घालता?

फुकटचा_सल्ला

घड्याळ मेहुण्याला परत द्या. वजन त्याचंच उतरलंय.

मिरजेची_फिजिओ

नाडीबद्दल कुणी बोललंच नाही, आणि माझ्या मते तोच मुद्दा आधी बघायला हवा.

मनगटी घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. तो उजेड कातडीत जातो, रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असेल तर घड्याळ हातावर हिंदकळतं आणि लाट कुठली, हिंदकळणं कुठलं हे त्याला उमगत नाही. मग ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. हळू पळणाऱ्याचीसुद्धा मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात. तुमचे १७४ मला त्यातले वाटतात. थंडीत हाताचं रक्त आखडतं, तेव्हा हे जास्त होतं.

उद्या असं करा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट. पळता पळता थांबा आणि लगेच मानेशी दोन बोटांनी ठोके मोजा, १५ सेकंद, गुणिले चार. एकाच बाजूला, हलक्या हातानं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत ठोके टिपतो, तो जास्त भरवशाचा, पण तुम्हाला आत्ता गरज नाही. पळताना एक अख्खं वाक्य बोलता येतंय का बघा, येत असेल तर वेग ठीक आहे. २२० वजा वय हा अंदाज आहे, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

हे सगळं खरं, तरी वय ४६ आणि वजन एवढं, तेव्हा एकदा रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. छातीत दाटलं, चक्कर आली, तर मोजत बसायचं नाही, थांबायचं.

वजनाचं म्हणाल तर अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठानं केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये छापून आला. ४७१ तरुण मंडळी, दोन वर्षं. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला एकसारखा, काही महिन्यांनी निम्म्यांच्या दंडावर मोजणी यंत्र बांधलं. यंत्रवाल्यांचं सरासरी साडेतीन किलो उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं ५.९. का, ते नक्की कुणाला सांगता आलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत मात्र मी रोज बघते: घड्याळानं पाचशे दाखवले की माणूस भडंगाचा डबा उघडतो.

दिवाणजी_सांगली

भडंगाचं कुणी सांगितलं तुम्हाला?

सगळ्यांचे आभार. एकेक सांगतो. नाडी मानेशी मोजली, १५ सेकंदांत ३६. म्हणजे १४४. त्याच वेळी घड्याळ १७१. पट्टा वर सरकवून आवळल्यावर १४७ वर आलं. बायकोला दाखवलं, तिनं पुन्हा स्वतः मोजलं, मगच विश्वास ठेवला. ईसीजी शनिवारी करतोय. बूट तीन वर्षांचे आहेत, टाच एका बाजूनं झिजलीय. घड्याळाचे बावीस हजार रद्द, बुटाचे साडेतीन मंजूर.

आता वही. खरं अंतर पाच किलोमीटर. वजन ८४ धरलं, ४२० कॅलरी. पण ती चाळीस मिनिटं मी अंथरुणात पडून असतो तरी पन्नासेक गेल्याच असत्या, त्या पळण्याच्या नावावर टाकणं म्हणजे एक रक्कम दोनदा जमा धरणं. राहिल्या ३७०. गुणिले ४१, म्हणजे १५,१७०. भागिले ७,७००, म्हणजे १ किलो ९७० ग्रॅम. प्रत्यक्षात १ किलो २००. तूट १,८०० वरून ७७० ग्रॅमवर आली.

एवढ्यावर पान मिटवता आलं असतं. पण ७७० ग्रॅमच्या कॅलरी ५,९२९, आणि दिवस ७७. रोजच्या ७७.

दुकानात शेतकरी आला की चहा येतो. तो येतो तेव्हा माझ्याही पुढं कप ठेवतात, नाही म्हटलं तर त्याला वाटतं भावाचं काही बिनसलंय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती होतात ते मी कधी मोजलं नव्हतं, कारण तो चहा दुकानखर्चात पडतो, माझ्या खात्यावर नाही. काल काडेपेटीतल्या काड्या एकेक करून बाजूला ठेवल्या. नऊ. आमच्या चहावाल्याच्या कपात दोन चमचे साखर असते, म्हणजे ४० कॅलरी, वर दूध. एका कपाचे ७५-८०.

मिरजेच्या ताई म्हणतील, वजन पाण्यानंसुद्धा किलोभर इकडंतिकडं होतं, ग्रॅमात जाऊ नका. मान्य. पण आकडा बसला की बसला.

अजून खरी आवक सुरू व्हायचीय. फेब्रुवारी-मार्चला सौदे जोरात असले की नऊचे पंधरा होतात. आज सकाळी मालकांनी चहा सांगितला तेव्हा मी म्हणालो, मला अर्धा, बिनसाखरेचा. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"