हौसेला मोल नाही, पण हप्ता आहे! नव्या हॉट हॅचची किंमत किती धरून चालू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर आजवर मी वाचनमात्र होतो. आता प्रकरण स्वतःच्या खिशापर्यंत आलंय, म्हणून धागा काढतोय.

एका कंपनीने आपल्या साध्यासुध्या, घरोघरी दिसणाऱ्या हॅचबॅकची तिखट आवृत्ती, म्हणजेच 'हॉट हॅच', आणणार असल्याचं जाहीर केलंय. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे पन्नास प्रतिसाद 'तुमची कंपनी, आमची कंपनी' यातच जातील. आत्तापर्यंत कळलंय ते एवढंच: १.६ लिटर टर्बो पेट्रोल, दोनशेच्या आसपास पीएस (म्हणजे जवळपास अश्वशक्तीच), सहा गिअरचा मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह (ताकद पुढच्या चाकांना) आणि वजन बाराशे किलोच्या जवळपास. किंमत गुलदस्त्यात. तरी बुकिंग मात्र सुरू! रक्कम परत मिळेल म्हणतात, पण कधी आणि कोणत्या अटींवर ते बारीक अक्षरांत आहे.

खरं सांगायचं तर टीझर पाहिल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तोच ३२ सेकंदांचा व्हिडिओ किती वेळा पाहिला हे घरात कळलं तर पंचाईत होईल. इंजिनाचा आवाज येतो तेवढे चार सेकंद तर तोंडपाठ झालेत. पण वय आता चाळिशीपार आहे, आणि नुसत्या आवाजावर भाळून सह्या करायचे दिवस गेले.

आपण वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या करांखाली राहतो, म्हणून पैशांचे आकडे न लिहिता एक सोय करू. याच गाडीच्या साध्या टॉप मॉडेलची किंमत १०० धरू. माझी ऐपत १५० पर्यंत. फारच ताणलं तर १६०, पण मग पुढची दोन वर्षं सुट्टीतला प्रवास म्हणजे गच्चीपर्यंत.

माझा हिशेब असा: साध्या गाडीला शंभर पीएस आणि हिला दोनशे, म्हणजे दुप्पट ताकद. मग किंमतही २०० च्या घरात जाईल का? मेहुणा म्हणतो, "छे, टायर आणि स्टिकर बदलतात, १२५ च्या वर एक पैसा देऊ नकोस." शोरूममधला मुलगा "दीडपट धरून चला सर" म्हणाला, पण तो मला हप्त्यांचा तक्ता दाखवत असतानाच म्हणाला. आणि बायकोचा सवाल सगळ्यांत अवघड: "एवढ्या पैशांत वरच्या वर्गातली मोठी गाडी येते. ही घ्यायची तर मागे बसणाऱ्यांना काय मिळणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर जाणकारहो, किंमतीचा अंदाज नेमका कशावरून बांधायचा? आणि आत्ता बुकिंग करावं की थांबावं?

प्रतिसाद

पीएसवरून किंमत काढू नका, तिथेच हिशेब चुकतोय. ताकद हा आजकालचा सगळ्यांत स्वस्त भाग आहे. टर्बो इंजिनात मोठा टर्बो, बरा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा) आणि वेगळी ट्यूनिंग केली की पीएस वाढतात. पैसा लागतो तो ती ताकद रस्त्यावर उतरवायला आणि मग थांबवायला.

दोन टोकं बघा. १९७६ ची फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय. १.६ लिटरचं फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन ऑडी ८० जीटीईमधून उचललेलं, बॉडी साध्या गोल्फचीच. ११० पीएस, वजन साधारण ८१० किलो. कंपनीने सुरुवातीला फक्त ५००० गाड्यांचा विचार केला होता, पण पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या. बहुतेक भाग आधीच गोदामात होते, त्यामुळे सामान्य माणसाच्या हाताशी येईल अशी किंमत ठेवणं जमलं. हॉट हॅच ही कल्पनाच त्यातून रुजली.

दुसरं टोक म्हणजे २०२० ची टोयोटा जीआर यारिस. नाव यारिस, पण साध्या यारिसशी नातं चुलत चुलत भावाइतकं. तीन दारांची वेगळी बॉडी, मागचा अर्धा भाग मोठ्या गाडीच्या प्लॅटफॉर्मचा, कार्बन फायबरचं छत, अ‍ॅल्युमिनियमची दारं, फोर व्हील ड्राइव्ह आणि १.६ लिटरच्या तीन सिलिंडरांतून युरोपात २६१ पीएस. रॅलीच्या नियमांसाठी जन्माला घातलेली गाडी. तिची तुलना साध्या यारिसच्या किंमतीशी करणं म्हणजे नऊवारी पैठणीची तुलना ओढणीशी करणं.

तुमची गाडी गोल्फच्या बाजूची आहे की यारिसच्या, हे आधी शोधा. दारं पाचच आहेत का? बॉडी तीच आहे का? हे इंजिन त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या गाडीत आधीपासून आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर माझा अंदाज १४० ते १५०. पहिल्या दोनपैकी एक जरी 'नाही' निघालं तर १५० विसरा.

प्रतिसाद

घ्या हो! शेवटच्या पेट्रोल-मॅन्युअल गाड्या आहेत या. नंतर नातवंडांना आवाज तोंडाने काढून दाखवावा लागेल.

प्रतिसाद

वरच्या सविस्तर प्रतिसादाला +१, फक्त एक भर. जाहिरातीत झळकणारी सुरुवातीची किंमत आणि तुम्हाला हव्या असलेल्या गाडीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

२०१७ ची ह्युंदाई आय-३० एन आठवा. एक २५० पीएसची, दुसरी २७५ पीएसची 'परफॉर्मन्स'. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद वाटणारं) आणि मोठे ब्रेक दुसरीत. फोर्ड फिएस्टा एसटीमध्येही हे डिफरन्शियल वेगळ्या पॅकमध्ये होतं. फ्रंट व्हील ड्राइव्हला दोनशे पीएस दिले आणि डिफरन्शियल साधंच ठेवलं, तर वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं चाक, ज्यावर तेव्हा वजन कमी असतं, ते जागच्या जागी फिरतं आणि ताकद धूर होऊन जाते. काही कंपन्या ब्रेक दाबून त्या चाकाला आवरतात आणि त्याला भारदस्त नाव देतात. दोनचार वळणं ठीक चालतं, घाटात मात्र ब्रेक तापतात.

म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हा विचारा: डिफरन्शियल खरोखरचं, मेकॅनिकल लिमिटेड स्लिप आहे का, आणि असेल तर मूळ किंमतीत की पॅकमध्ये? पॅकमध्ये असेल तर तुमचा हिशेब पॅकसकटच करा, कारण त्याच्याशिवाय ही गाडी घेण्यात अर्थ नाही. माझं मत जरा टोकाचं आहे, मान्य.

नावालाही फसू नका. ह्युंदाईच्याच 'एन' आणि 'एन लाइन' यांत एका शब्दाचा फरक, पण आय-२० एन म्हणजे १.६ टर्बो, २०४ पीएस आणि मेकॅनिकल डिफरन्शियल. आय-२० एन लाइनचं १.० टर्बो इंजिन मात्र साध्या आय-२० मध्येही दिलं गेलं होतं. मेहुण्यांचं १२५ हे दुसऱ्या जातीच्या गाडीला बरोबर लागू पडतं. ते चूक नाहीत, गाडी वेगळी आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आजच फोन करून विचारलं. दारं पाच, बॉडी तीच (पुढचे-मागचे बंपर सोडून), इंजिन त्यांच्या एका एसयूव्हीमध्ये आधीपासून आहे. डिफरन्शियलबद्दल विचारल्यावर समोरून थोडी शांतता, मग "सर, सगळे लेटेस्ट फीचर्स आहेत." म्हणजे त्यालाही ठाऊक नाही.

मेहुण्याला 'एन लाइन'चा मुद्दा सांगितला. तो म्हणाला, "तेच तर मी म्हणत होतो!"

प्रतिसाद

मी चार वर्षं अशीच गाडी चालवतेय, तेव्हा घेतल्यानंतरचं थोडं सांगते, कारण त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही.

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे टायर वळवतात, ओढतात आणि ब्रेकिंगचा बराचसा भारही तेच घेतात. सॉफ्ट, चिकट रबराचे १८ इंची टायर असले की पुढची जोडी पाहता पाहता झिजते. माझी पहिली जोडी संपली तेव्हा मागचे टायर जवळजवळ नव्यासारखे होते. ब्रेक पॅडही तसेच. विम्याचा हप्ता साध्या गाडीपेक्षा जास्त, कारण विमा कंपनीला तुमचं वय दिसतं तशी गाडीची जातही दिसते. पेट्रोलबद्दल काही बोलत नाही. हळू चालवली तर ठीक देते, पण हळू चालवण्यासाठी कोण घेतं?

तेव्हा दादा, १६० ला गाडी घेऊन टायरच्या वेळी पोट आवळणार असाल तर घेऊ नका. १४५ ला मिळाली तर उरलेले पहिल्या दोन वर्षांच्या टायर-पॅडसाठी बाजूला ठेवा. स्वस्त टायर घातलेली महागडी हॉट हॅच यासारखं केविलवाणं दृश्य नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्या. मागे बसणाऱ्यांना काहीही मिळत नाही. कडक सस्पेन्शन आणि कमी उंचीचे टायर मिळतात.

प्रतिसाद

बुकिंगबद्दल दोन शब्द. पहिल्या लॉटची घाई करणाऱ्यांची नंतर कधीकधी फजिती होते. जीआर यारिस ज्यांनी सुरुवातीला घेतली, त्यांनी २०२४ मध्ये तीच गाडी युरोपात २८० पीएस आणि हवा असेल तर आठ गिअरचा ऑटोमॅटिक घेऊन आलेली पाहिली. उलट फिएस्टा एसटीसाठी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांना पुढचं वर्ष मिळालंच नाही. २०२३ मध्ये फिएस्टाच बंद झाली. युरोपातले कार्बन उत्सर्जनाचे नियम अशा गाड्यांच्या मुळावर आलेत, त्यामुळे कोणती गाडी कधी जाईल याचा भरवसा नाही.

माझ्या मते बुकिंग करा, पण तीन गोष्टी लेखी घेऊन: किंमत जाहीर झाल्यावर किती दिवसांत रद्द करता येईल, रक्कम किती दिवसांत परत येईल, आणि जाहीर किमतीवर शोरूम स्वतःचं काही लावणार नाही. गाड्या थोड्या आणि वेडे जास्त असले की ही तिसरी अट फार महत्त्वाची ठरते.

प्रतिसाद

इलेक्ट्रिक का नाही बघत? अल्पीन ए-२९० मध्ये २२० पीएस आहेत.

धागाकर्ता

ए-२९० चं वजन दीड टनाच्या जवळ आहे. मला हलकी गाडी हवीय. सुझुकी स्विफ्ट स्पोर्टला १.४ टर्बोचे जेमतेम १४० पीएस, पण वजन हजार किलोच्या आत. ती एकदा मित्राकडे चालवली होती, तेव्हापासून हा आजार जडलाय. जड गाडीबद्दल तक्रार नाही, पण माझं दुखणं वेगळं आहे.

अपडेट: शोरूमच्या मॅनेजरांनी दोन अटी ईमेलवर लिहून दिल्या. तिसरीवर "बघू" म्हणाले, म्हणून मीही बुकिंगचं "बघू" म्हणून आलो. दुसऱ्या शोरूममध्ये उद्या जातोय. माझा आकडा आता ठरलाय: डिफरन्शियलसकट १४८. त्यापुढे गेली तर तिचा व्हिडिओच पुरे.

बायकोला मागच्या सीटचं खरं सांगितलं. ती म्हणाली, मग टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसणार. आता शेवटचा प्रश्न: ड्राइव्ह कुठल्या रस्त्यावर मागावी? शोरूमवाले नेहमी गुळगुळीत हमरस्त्यावर नेतात.

प्रतिसाद

ज्या रस्त्याने तुम्ही रोज ऑफिसला जाता, तिथेच. आणि वहिनींना एक्सलच्या अगदी वर बसवू नका, जरा पुढे सरकून बसायला सांगा. १४८ वाचवायचे असतील तर उलट करा.