ढाब्यावर दारूशिवाय बैठक जमवायची आहे, काय ठेवू?

कळंबकर_ढाबा
नमस्कार मंडळी. वर्धा-यवतमाळ रस्त्यावर कळंबजवळ आमचा घरगुती ढाबा आहे. परमिट नाही, घ्यायचंही नाही, आईची तशी अटच आहे. आमच्या भागातली बरीच पोरं आता पीत नाहीत. कोणी पोलीस भरतीची तयारी करतोय, कोणी बापाचं पिणं पाहून ठरवलंय, कोणी श्रावणात सोडली ती परत धरलीच नाही. पण वाढदिवस असो की टूर्नामेंट जिंकलेली असो, निवांत बसायला जागा बारचीच. आमच्याकडे येतात, जेवतात, निघून जातात. दोन तास बसावंसं वाटेल असं काय ठेवू? शहरातल्या मॉकटेलचे भाव इथे चालणार नाहीत. 0.0 म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर ठेवावी का?

हॉटेलवाला_नागपूर
ब्रिटनमध्ये 2013 पासून 'ड्राय जानेवारी' पाळतात, महिनाभर दारू बंद. आपल्याकडे श्रावण आहेच, त्याच महिन्यापासून सुरू करा. पेयाच्या आधी चकण्याचा विचार करा. बारमध्ये लोक तासन्‌तास बसतात त्यात चकण्याचा वाटा मोठा. मसाला शेंगदाणे, कांदा-लिंबू मारलेले चणे, गरम भजी, पुडाची वडी, सगळं छोट्या प्लेटमध्ये आणि थोडं थोडं येऊ द्या. पोऱ्याला सांगून ठेवा, ग्लास रिकामा झाला की लगेच बिल आणायचं नाही. न पिणाऱ्याला हॉटेलात नेहमी घाईनेच उठवतात, ते मला फार लागतं.

वऱ्हाडची_माय
भाऊ, बाटलीतलं सरबत नको ठेवू. लाल अंबाडी लाव बांधावर. हिवाळ्यात बोंडं आली का बी काढून पाकळ्या वाळवून ठेवाच्या, वर्षभर पुरते. रात्री भिजू घालाच्या, सकाळी त्याच पाण्यात एक उकळी आणून गाळाच्या. साखर, काळं मीठ, जिऱ्याची पूड. रंग असा लालभडक येते का पाहुणा पहिले इचारते, हे काय हाय म्हणून. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं अन् बेलाचं सरबत. काचेच्या उंच ग्लासात दे, स्टीलच्या पेल्यात नको. बचत गटाच्या बायाईले काम भेटन.

रानवाटा
नीरा पण ठेवा की, विदर्भात शिंदीची झाडं आहेत.

हॉटेलवाला_नागपूर
नीरेला परवाना लागतो, आणि ऊन चढलं की ती आंबायला लागते. संध्याकाळच्या बैठकीला तिचा उपयोग नाही.

आर्वीची_ताई
0.0 बद्दल माझं स्पष्ट मत, ठेवू नका. माझ्या भावाने दारू सोडली आहे. त्याला सगळ्यात अवघड गेलं ते संध्याकाळी सातनंतर कुठे बसायचं हे. समोर तीच बाटली, तोच फेस, तोच वास आला की तो अस्वस्थ होतो. शिवाय अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांत 0.5 टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच पेय मद्य धरतात, त्यामुळे 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या बाटलीतही थोडं असू शकतं. लेबल वाचल्याशिवाय कुणालाच देऊ नका.

आणखी एक. आमच्या वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीवर वाद घालणारे पुष्कळ भेटतात, पण न पिणाऱ्यांनी बसायचं कुठे याची सोय कोणी करत नाही. तुम्ही करताय, म्हणून इतकं लिहिलं. बायका-पोरी येऊन बसतील असा उजेड ठेवा, आणि बाहेरून कोणी बाटली आणली तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा. एकाला चालू दिलं की आम्ही येणं बंद.

कळंबकर_ढाबा
ताई, 0.0 रद्द. बाहेरच्या बाटलीचं आईला सांगितलं, ती म्हणाली दारावर मीच उभी राहते. मागच्या अंगणात कॅरम आणि चार बाजा टाकतो, चकण्याच्या प्लेटा छोट्या करतो. अंबाडी यंदा बांधावर लावतोच, पण तोवर वाळलेल्या पाकळ्या विकत लागतील. यवतमाळ किंवा वर्ध्याकडचा कोणता बचत गट देतो का? वऱ्हाडच्या माय, साखरेऐवजी गूळ घातला तर रंग काळपट होईल का?

वऱ्हाडची_माय
होते काळपट. अंबाडीले साखरच घाल, गूळ पन्ह्याले ठेव. पाकळ्याईचं आमच्या गटात इचारून सांगतो.